विचारा डॉक्टरबाईंना : आधी लघवीला जाऊन या

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की मुलंबाळं सांभाळणाऱ्यांनी स्वतःच्या तब्येतीचं काय ते मोकळेपणी विचारा. पत्रं भरपूर आली. सुगंधी मेणबत्ती, चेहऱ्याचा लेप किंवा पहाटेचं ध्यान यांबद्दल एकही नाही. लोकांना लघवी, झोप, अंगठा आणि हिमोग्लोबिन यांबद्दल विचारायचंय, हे वाचून मला बरं वाटलं. डोंबिवलीतला दवाखाना बंद केला तरी सवय जात नाही, त्यामुळे उत्तरं देताना मी थोडी उलटतपासणी करणार आहे. राग मानू नये.

मी ३४ वर्षांची. राहते बदलापूरला, नोकरी लोअर परळला. मुलं नऊ आणि चार वर्षांची. पावणेपाचला उठते, चार डबे करते, सातच्या आत लोकल पकडते. घरी यायला आठ वाजतात. सगळे सांगतात, 'स्वतःसाठी वेळ काढ.' कुठून काढू? वर्षभरात तीनदा उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ. हिमोग्लोबिन ९.६ आलंय. ऑफिसातलं टॉयलेट घाण असतं म्हणून पाणी कमीच पिते. लोहाच्या गोळ्या घेतल्या होत्या, पण पोट बिघडलं म्हणून सोडल्या. — स. जा., बदलापूर

तुझ्या दिवसात वेळ नाही, हे मी मान्य करून टाकते. पावणेपाच ते आठ या हिशेबात योगासनांचा अर्धा तास बसवून दाखवणारा माणूस एक तर थापा मारतोय, नाहीतर त्याच्या घरचे डबे दुसरं कुणीतरी करतंय. तेव्हा नवीन काही सुरू करायचं नाही. पाणी, लघवी, बसून खाणं आणि ती गोळी, या ज्या गोष्टी तू शरीराला नाकारते आहेस तेवढ्या द्यायला लाग.

लघवीपासून सुरू करू. नोकरदार बायकांमध्ये हे मी इतकं पाहिलंय की दवाखान्यात शिरताना पर्स पोटाशी धरून वाकलेली बाई दिसली की मी लघवीच्या तपासणीची चिठ्ठी आधीच लिहायला घ्यायचे. लोकलमध्ये शौचालय नसतं, स्टेशनवरच्या शौचालयात पाय ठेववत नाही, ऑफिसातलं घाण. मग बाई पाणीच पीत नाही. लघवी गडद होते, कमी होते आणि तासन् तास तुंबून राहते. जंतूंना वाढायला याहून चांगली सोय नाही. आता एक गैरसमज. हे जंतू टॉयलेटच्या सीटवरून चढत नाहीत. बहुतेक वेळा ते आपल्याच आतड्यातले, ई. कोलाय नावाचे असतात आणि शौचाच्या जागेवरून पुढे सरकतात. म्हणून धुताना-पुसताना हात नेहमी पुढून मागे. सीट ओली असेल तर पुसून घे, वर कागद टाक, पण नीट टेकून बस. अधांतरी, मांड्या ताणून, ओढणी दातात धरून घाईत उरकलं की मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही.

घरातून निघताना जायचं. ऑफिसात हजेरी लागली की टेबलाशी बसण्याआधी जायचं. पुढे जेवणाआधी, चारच्या सुमारास आणि निघताना, लागलेली नसली तरी. पाणी सकाळी पोचल्यापासून चारपर्यंत भरपूर पी. लिटरची बाटली तेवढ्यात दीड वेळा तरी संपायला हवी. पाचनंतर घोट घोट, म्हणजे गाडीत जीव टांगणीला लागणार नाही. आणि टॉयलेटच्या घाणीबद्दल चौघी-पाचजणींनी मिळून लेखी द्या. एकीने तोंडी सांगितलं की तो नखरा ठरतो. पाच सह्या असल्या की तक्रारीची फाइल होते.

तीन वेळा उन्हाळी लागली तेव्हा प्रत्येक वेळी मागचीच अँटिबायोटिकची पट्टी मेडिकलमधून आणलीस का? तू लिहिलं नाहीस, पण मला दाट संशय आहे. पुढच्या वेळी पहिली गोळी घेण्याआधी लघवीचं कल्चर दे. कुठला जंतू आहे आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं, ते त्यात कळतं. रक्तातली साखरही एकदा बघून घे. थंडी वाजून ताप आला, पाठीत बरगड्यांखाली दुखलं किंवा लघवीतून रक्त गेलं, तर त्या दिवशी लोकल पकडायची नाही, डॉक्टर गाठायचा.

आता ते ९.६. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया यात सापडल्या. म्हणजे तुझ्या लोकलच्या डब्यातल्या निम्म्याहून अधिक बायका. सगळ्याच दमलेल्या असल्यामुळे हा दमणुकीचा प्रकार कुणाला आजार वाटत नाही, एवढंच. जिना चढताना धाप लागणं, केस गळणं, मुलांवर विनाकारण खेकसणं, यातलं बरंचसं तुझ्या स्वभावातलं नसून रक्तातलं असू शकतं. गोळीने शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नकोस. मळमळ किंवा बद्धकोष्ठ झालं तर डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घे, नाहीतर एक दिवसाआड घे. सोडून देऊ नकोस. लिंबूपाण्याबरोबर घेतलीस तर लोह चांगलं शोषलं जातं. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतलीस तर पुष्कळसं वाया जातं. जेवण आणि चहा यांतही तासाभराचं अंतर ठेव. डबा संपल्या संपल्या येणारा तो ऑफिसातला चहा पालेभाजीतलं लोह तुला मिळू देत नाही. हिमोग्लोबिन नॉर्मल झालं तरी गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवायच्या असतात, साठा भरायला. आणि पाळीत जास्त जातं का, हे तुला कुणी विचारलंय का? दोन तासांत पॅड बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील, तर गोळ्या एका बाजूने भरतील आणि दुसरीकडून गळती चालूच राहील. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव.

खाण्याचं राहिलं. चार डबे करणारी बाई स्वतः काय खाऊन निघते, ते तू लिहिलेलं नाहीस, म्हणजे काहीच नाही. पहिली पोळी तव्यावरून उतरली की तिला तूप आणि तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी लावायची, गुंडाळायची आणि खायची. ती पोळी तुझी. मुलांनी टाकलेल्या पोळीच्या कडा म्हणजे नाश्ता नव्हे. पर्समध्ये राजगिऱ्याचा नाहीतर अळीवाचा लाडू ठेव, चौथी सीट मिळाली की खा.

आणि चार डबे आहेत म्हणजे घरात आणखी एक मोठा माणूस आहे. त्याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. पोळ्या तू करत असशील तर डबे भरणं, मुलांच्या बाटल्या भरणं आणि धाकट्याला उठवणं त्याचं. 'त्यांना जमत नाही' असं मला कळवू नकोस. डब्याचं झाकण लावायला शिक्षण लागत नाही.

चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. वय ३८. पत्नी बालवाडीत शिकवते. मुलं सात आणि चार वर्षांची. नाइट शिफ्टच्या आठवड्यात चार तासांच्या वर झोप होत नाही, घरी सारखं कुणी ना कुणी उठवतं. कंपनीच्या तपासणीत बीपी १४८/९४ निघालं. तंबाखू फक्त ड्युटीवर. व्यायाम कोणता करू? — दि. शि., राजगुरुनगर

व्यायाम नंतर. आधी झोपा.

नाइटनंतर सकाळी घरी आलात की वाटेत दूध, भाजी, मुलाला शाळेत सोडणं, बँक हे सगळं तुमच्यावर येतं, कारण तुम्ही 'दिवसा घरीच असता'. नाइट म्हणजे सुट्टी नव्हे, हे घरात एकदा बसून स्पष्ट ठरवा. तुम्ही आल्या आल्या झोपायचं आणि साडेबारा-एकपर्यंत कुणी उठवायचं नाही. मुलं शाळेतून येतात तेव्हा उठा, त्यांच्याबरोबर जेवा, खेळा, आणि संध्याकाळी कामावर निघण्याआधी पुन्हा तास-दीड तास पडा. एका दमात सात तास झोप मिळणं अवघडच असतं, दोन तुकड्यांत ती बऱ्यापैकी भरते. खोलीत अंधार लागतो. महागडे पडदे नकोत, खिडकीला जुनी जाड गोधडी टांगली तरी चालते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, बेलचा आवाज बंद करा, दारावर मुलांनाच चित्र काढायला लावा : 'बाबा झोपलेत'. स्वतः चिकटवलेल्या पाटीचा मान मुलं राखतात, निदान आठवडाभर. ड्युटीवरचा शेवटचा चहा रात्री दोनपर्यंत घ्या. पहाटेचा चहा थेट तुमच्या सकाळच्या झोपेत उतरतो. मध्यरात्री वडापाव आणि मिसळ नको, घरचा डबा थोडा आणि लवकर खा.

एक गोष्ट मात्र टाळाटाळ न करता ऐका. नाइट सुटल्यावर पुणे-नाशिक हायवेवर बाइक चालवताना डोळे मिटत असतील, तर कंपनीतच पंधरा-वीस मिनिटं डुलकी काढा आणि मग निघा. कंपनीची बस असेल तर बसच. तोंडावर पाणी मारून किंवा मोठ्याने गाणी म्हणून झोप जात नाही.

बीपी एकदा घेऊन निदान होत नाही, विशेषतः ड्युटी संपताना रांगेत उभं करून घेतलेलं असेल तर. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला, त्याआधी अर्धा तास चहा नाही आणि तंबाखू नाही. असं आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. घरी सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर राहिली तर डॉक्टरांकडे ती वही घेऊन जा, आणि गोळी दिली तर घ्या. 'एकदा सुरू केली की कायमची' या भीतीने लोक गोळी टाळतात आणि पुढे लकवा झाल्यावर माझ्यासारखीच्या समोर येऊन बसतात. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं धरून चहाचा एक चमचा. लोणचं, पापड, फरसाण त्यातच मोजायचं.

'फक्त ड्युटीवर' तंबाखू म्हणजे दिवसाचे आठ तास तंबाखू. ती सोडायला मदत करणारी सरकारी हेल्पलाइन आहे, १८०० ११२ ३५६. फोन करायला पैसे लागत नाहीत.

आता व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. पूर्वी ती सलग किमान दहा मिनिटं हवी अशी अट होती. २०२० मध्ये ती काढली. म्हणजे मुलाला खांद्यावर घेऊन दोन जिने चढलात तरी ते खात्यात जमा होतं. तुमच्या घरात चार वर्षांचं पोर आहे. जिमची फी वाचवा आणि त्याच्याशी पकडापकडी खेळा.

बाळ सहा महिन्यांचं आहे. त्याला उचललं की उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात जीवघेणी कळ येते. आई म्हणते बाळंतपणात वारं लागलं. पुढच्या महिन्यात मला कामावर रुजू व्हायचंय. — अ. कु., पुणे

वारं नव्हे. अंगठा हलवणाऱ्या दोन स्नायूबंधांचं आवरण सुजलंय. १८९५ मध्ये डी क्वेर्वेन नावाच्या स्विस शल्यचिकित्सकाने याचं वर्णन केलं, म्हणून त्याचंच नाव या दुखण्याला आहे. तान्ह्या बाळांच्या आयांना हे फार होतं, कारण आपण बाळाला काखेत दोन्ही हात घालून, अंगठे ताणून उचलतो. दिवसातून चाळीस वेळा, आणि बाळ तर वाढतंय. आजपासून उचलताना तळवे आकाशाकडे. एक हात ढुंगणाखाली, एक मानेखाली-पाठीखाली, आणि परात उचलावी तसं कोपरातून उचलायचं. पाजताना बाळाचं डोकं मनगटावर तोलू नकोस, खाली उशी घे. आणि पाजता पाजता त्याच अंगठ्याने फोन सरकवतेस ना? तो दुसऱ्या हातात घे, नाहीतर ठेवून दे.

अंगठा स्थिर ठेवणारा पट्टा मेडिकलमध्ये मिळतो, तो तीन-चार आठवडे वापर. दुखेल तेव्हा बर्फ लाव. मालीशवाल्या मावशींना त्या जागी जोर लावू देऊ नकोस, सूज वाढते. महिन्यात फरक पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञ तिथे एक इंजेक्शन देतात, त्याने बहुतेकींना आराम पडतो.

कामावर जाण्याआधी एक माहीत असू दे. मातृत्व लाभाच्या तरतुदींनुसार बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीखेरीज, पाजण्यासाठी दिवसातून दोनदा वेळ मिळण्याचा तुला हक्क आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. रुजू होण्याआधीच ईमेलवर विचार. कामावर गेल्यानंतर प्रत्येक वेळी साहेबांच्या तोंडाकडे बघून विचारायला संकोच वाटतो.

सून नोकरीवरून आली की अर्धा तास खोलीचं दार लावून मोबाइल घेऊन पडून राहते. नातू आणि नात मी दिवसभर सांभाळते. आमच्या वेळी असं चालत नव्हतं. तिला चार शब्द सांगा. — एक सासू, वाई

सांगते, पण आधी तुम्हाला.

आमच्या वेळी म्हणजे माझ्याही वेळी. आठवून बघा, आपल्याला दुपारी ओटीवर तांदूळ निवडायला बसता यायचं, शेजारणी यायच्या, तासभर तोंडाला विश्रांती नसायची पण अंगाला असायची. मे महिन्यात पंधरा दिवस माहेरपण असायचं, तिथे आपल्याला कुणी ताटसुद्धा उचलू देत नव्हतं. तुमच्या सुनेला ओटी नाही, शेजारीण तिच्याच वेळेला कामावर असते, आणि माहेरी ती शनिवारी जाऊन रविवारी परत येते. ते सगळं आक्रसून त्या अर्ध्या तासात मावलंय. बसमधून उतरून थेट ओट्याशी उभं राहिलेल्या बाईच्या हातून मुलांना धपाटे बसतात, हे मी खात्रीने सांगते. तेव्हा दार लागू द्या. सुनेला माझा निरोप : त्यातली दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून, पाय भिंतीला वर टेकवून पड. त्याने पोटऱ्यांना जास्त आराम मिळेल.

आता तुमचं. पत्रात मधेच एक वाक्य आहे, 'मी दिवसभर सांभाळते.' मला तक्रारीचं मूळ तिथे वाटतं. साठीनंतर दोन मुलांमागे दिवसभर धावायचं, त्यांना उचलायचं, भरवायचं, हे कष्टाचं काम आहे आणि त्याला तुम्हाला सुट्टी नाही. सून अर्ध्या तासाने बाहेर आली की तुम्ही चपला घाला. देवळात जा, घाटावर जा, मैत्रिणीच्या घरी जा, रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत परत येऊ नका. रविवारी सकाळी मुलं तुमच्या लेकाची. बीपी आणि साखरेच्या गोळ्या असतील तर त्या नातवाच्या खिमटीआधी घ्या, नंतर राहून जातात. तुमच्या लेकाबद्दल तुम्ही काहीच तक्रार केली नाहीत, हे माझ्या लक्षात आलंय.

मुलगी नऊ वर्षांची, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नाही. तिचं सगळं पत्नीच करते : उचलणं, अंघोळ, भरवणं, थेरपीला नेणं. दोन महिन्यांपासून पत्नी रात्री तीनला उठून बसते, नीट जेवत नाही, कशात रस घेत नाही. एकदा म्हणाली, 'मी नसले तर सुटेन.' तिला चार दिवस फिरायला न्यावं का? पार्लरला वगैरे पाठवावं का? — प्र., नाशिक

नाही. पार्लर नको आणि सहलही नको. तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, याच आठवड्यात. तुम्ही जे लिहिलंय ती दमणूक राहिलेली नाही, ही नैराश्याची लक्षणं आहेत. पहाटे फार लवकर जाग येणं, भूक जाणं, रस उडणं, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकणं. याला औषध आहे आणि ते लागू पडतं.

आज रात्री मुलगी झोपली की पत्नीजवळ बसा आणि सरळ विचारा : 'तुला मरून जावंसं वाटतं का? तसं काही करायचं मनात येतं का?' विचारल्याने डोक्यात नसलेली गोष्ट शिरेल, ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं याने माणूस मोकळं होतं. उत्तर देताना ती थांबली तर थांबू द्या. समजावू नका, 'मुलीचा विचार कर' म्हणू नका. ती मुलीचाच विचार करून थकली आहे. उत्तर हो असेल तर तिला एकटी सोडू नका, घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि तिला त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. टेली मानस ही सरकारची हेल्पलाइन आहे, १४४१६. दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. तिने फोन नाही केला तर तुम्ही करा, काय करायचं ते तुम्हालाही सांगतील.

औषधं सुरू झाली तरी घरातल्या कामाची वाटणी बदलली नाही तर ती पुन्हा तिथेच येईल. 'मी मदत करतो' हा शब्दप्रयोग सोडा. एखादं काम पूर्ण तुमच्या अंगावर घ्या. माझ्या मते अंघोळ घ्या, कारण नऊ वर्षांच्या मुलीला उचलण्यात सर्वात जास्त पाठ जाते ती तिथे. मुलगी मोठी होते आहे, म्हणून अंघोळीची रीत तिच्या मानाने आणि संकोचाने ठरवा, कपडे बदलणं आई करेल, उचलून नेणं-आणणं तुम्ही. अंघोळीसाठी पाठ असलेली खुर्ची घ्या. उचलताना गुडघे वाकवून, तिला छातीशी घेऊन उठायचं, कमरेतून वाकून नाही. फिजिओथेरपिस्टला दोघांनी मिळून विचारा, ते दाखवतात. आठवड्यातल्या एका थेरपीला मुलीला तुम्ही न्या, आणि त्या वेळी पत्नीने घरी थांबून स्वयंपाक करायचा नाही.

निरामय योजना माहीत आहे का? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी हा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. कागदपत्रांचं काम तुम्ही करा, तिच्यावर टाकू नका. मला महिनाभराने पुन्हा लिहा. छापायला नव्हे, मला कळवायला.

दुसरं बाळंतपण होऊन तीन वर्षं झाली. खोकलं, शिंकलं, मुलीबरोबर उड्या मारल्या की लघवीचे थेंब जातात. सांगायची लाज वाटते. — नाव नको, कोल्हापूर

नाव दिलेलं नाहीच. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणात सैल पडतात. लघवी मधेच रोखताना जे स्नायू आवळले जातात ते ओळख, पण व्यायाम लघवी करताना करू नकोस, ओळखण्यापुरतंच. एरवी पाच सेकंद आवळ, पाच सेकंद सोड, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या सैल, श्वास चालू. दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशी उभी असतेस ना, तेव्हा कर, कुणाला कळत नाही. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते घालव, कारण रोज कुंथण्याने हेच स्नायू ढिले पडतात. तीन महिन्यांत काहीच फरक नाही, किंवा खाली काही उतरल्यासारखं वाटतं, तर स्त्रीरोगतज्ज्ञ.

पत्नी ४१ वर्षांची आहे, सारखी दमलेली असते. मुलं दहावी आणि सातवीत. तिच्यासाठी चांगलं टॉनिक सुचवा. सध्या ६८० रुपयांची एक बाटली आणून ठेवली आहे, अजून उघडलेली नाही. — वि. म., चिपळूण

उघडू नका. टॉनिकने दमणुकीचं कारण कळत नाही. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, आणि शाकाहारी असतील तर बी-१२ तपासा. बीपी बघा. सुईत दोरा ओवताना हात लांब धरत असतील तर चाळिशीचा चष्मा करून घ्या. डोळे ताणून डोकं दुखतं आणि सगळ्यांना वाटतं थकवा आहे. तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात दर पाच वर्षांनी करतात. ती त्यांची कधी झाली आहे, विचारा. 'अजून नाही' हे उत्तर येईल असं धरून चालते.

आणि दोन दिवस फक्त बघा, घरात सर्वात शेवटी कोण झोपतं आणि सर्वात आधी कोण उठतं. दोन्हीचं उत्तर एकच असेल तर रात्रीचं ओटा पुसणं, दही विरजणं आणि दाराची कडी ही तीन कामं तुम्ही घ्या. दहावीचं पोर अभ्यासाला जागं असेल तर त्याला दूध तुम्ही द्या.

पावती जपून ठेवली असेल तर बाटली दुकानात परत करा. तेवढ्या पैशात हिमोग्लोबिन आणि टीएसएच बहुतेक होऊन जातील. रिपोर्ट आल्यावर लिहा.